ठिणगी बघणारे डोळे

जालन्याच्या एमआयडीसीत रात्री गेलात तर आकाशात तारे कमी दिसतात आणि तांबूस उजेड जास्त. भंगार वितळवून बिलेट आणि बिलेटपासून सळई करणारे कारखाने इथे रांगेनं उभे आहेत. माझे वडील त्यातल्याच एका कारखान्यात फर्नेसवर होते. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. आई म्हणायची, "यांच्या अंगावर रोज दिवाळी असते."

वडिलांची एक ख्याती होती. ते ठिणगी बघून कार्बन सांगायचे.

हे कसं होतं ते सांगतो. वितळलेल्या लोखंडातून लांब दांड्याच्या पळीनं थोडा रस काढायचा आणि साच्यात ओतून थंड करायचा. तो तुकडा ग्राइंडरवर धरला की ठिणग्या उडतात. कार्बन कमी असेल तर ठिणगी लांब, सरळ रेघेसारखी जाते. कार्बन वाढला की तीच ठिणगी टोकाला फुटते, तिला फाटे येतात, फुलबाजीसारखी होते. हे मूळ तंत्र जगभरच्या लोहारकामात वापरात होतं. सळईच्या पोलादात कार्बन साधारण ०.३० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, नाहीतर सळई वाकवताना तडकते. वडील दोन-चार सेकंद ठिणगी बघत आणि म्हणत, "आत आहे, सोडा."

मी सातवीत असताना त्यांच्या कारखान्यात 'स्पेक्ट्रो' आला. एसी खोलीत ठेवलेलं, कपाटाएवढं मशीन. तुकडा घासून त्यावर ठेवायचा, बटण दाबायचं. आत विजेची ठिणगी पडते आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस सगळ्यांचे आकडे येतात.

एका रात्री वडील म्हणाले आत आहे आणि मशीन म्हणालं ०.३४. भट्टी थांबली. सुपरवायझरनं मशीनचं ऐकलं, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. वडील अडून बसले. "दुसरा तुकडा लावा," म्हणाले. दुसरा तुकडा नीट घासून लावला, तेव्हा आकडा ०.२६ आला. पहिल्या तुकड्यात पोकळी होती. माल पास झाला. रजिस्टरमध्ये नोंद झाली ती अशी: 'नमुना सदोष, फेरतपासणी.' वडिलांचं नाव त्यात नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. पण त्या रात्रीनंतर ठिणगी बघायची त्यांची सवय राहिली, बोलायची गेली.

मला हे सगळं आठवलं ते वेगळ्याच कारणानं. मी आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरून येणारी प्रतिमा स्वच्छ करणं हे माझं रोजचं काम. तुम्ही रात्री फोनवर फोटो काढता आणि तो बऱ्यापैकी उजळ येतो, त्यामागे माझ्यासारख्या हजारो लोकांची डोकेदुखी असते. या सेन्सरचा इतिहास वाचता वाचता मी खगोलशास्त्रात शिरलो, आणि तिथून थेट शिवाजीनगरला येऊन पोचलो. ज्या रस्त्यानं मी रोज ऑफिसला जातो, त्याच्या कडेला एकेकाळी देशातली पहिली आधुनिक खगोलभौतिकी वेधशाळा होती. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला तिचं नावही माहीत नव्हतं.

आधी यंत्र समजून घेऊ

वर्णपटमापक, म्हणजे स्पेक्ट्रोग्राफ, हे नाव भारदस्त वाटतं. पण कल्पना साधी आहे. प्रकाश एका अरुंद फटीतून आत घ्यायचा. तो समांतर करायचा. लोलकातून किंवा बारीक रेघा आखलेल्या जाळीवरून पाठवून त्याचे रंग वेगळे करायचे. आणि ते रंग पुन्हा एकत्र आणून कशावर तरी पाडायचे. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की ठरावीक रंगांच्या रेषा सोडतं. सोडियम पिवळ्या रंगात जवळजवळ असलेल्या दोन रेषा देतं. लोखंड तर हजारो देतं. रेषा ओळखली की मूलद्रव्य ओळखलं, मग ते ग्राइंडरपाशी असो नाहीतर मृग नक्षत्रात.

फट जितकी अरुंद तितक्या रेषा स्पष्ट, पण तितका प्रकाश कमी. ही ओढाताण प्रत्येक वर्णपटमापकात असते. दिवसा सूर्याचा वर्णपट बघताना प्रकाश भरपूर असतो. रात्री एखाद्या अंधूक तेजोमेघाचा वर्णपट घेताना एकेक कण मोजून घ्यावा लागतो. म्हणून शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो: ते रंग पाडायचे कशावर? डोळ्यावर, काचेवर की चिपवर?

दुर्बिणीचा इतिहास आपण आरशाच्या आकारानं सांगतो. इतक्या इंचांची, मग तितक्या मीटरची. मला मात्र तो मागच्या टोकाकडून, म्हणजे प्रकाश पकडणाऱ्या वस्तूकडून सांगावासा वाटतो.

डोळा

१८ ऑगस्ट १८६८. खग्रास सूर्यग्रहणाची सावली दख्खनवरून गेली. फ्रान्सचा पिएर जान्सन गुंटूरला होता. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसला होता. ग्रहणात सूर्याच्या कडेला ज्या ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनल्या आहेत हे पहिल्यांदाच वर्णपटमापकातून बघायचं होतं. ज्वाला वायूच्या आहेत हे त्या दिवशी पक्कं झालं. आणि एक पिवळी रेषाही दिसली.

पिवळी म्हणजे सोडियम, असं बहुतेकांना वाटलं. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही रेषा होती ५८७.६ वर. दीड-दोन नॅनोमीटरचा फरक. ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत, धडधडत्या छातीनं, डोळ्यानं हा फरक पकडायचा होता. जान्सननं दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वालांच्या रेषा बघण्याची युक्ती शोधली. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरनं तीच युक्ती स्वतंत्रपणे शोधून ऑक्टोबर १८६८ मध्ये सूर्य निवांत न्याहाळला. ही पिवळी रेषा सोडियमची नव्हे, अनोळखी मूलद्रव्याची आहे, हा निष्कर्ष त्यातून पुढे आला. तेच हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं.

आता विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत आणि हेलियमचा शोध इथे लागला असं अभिमानानं सांगितलं जातं. अलीकडे १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. लॉकियर विजयदुर्गला आला होता हे खरं, पण तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ मध्ये तो इंग्लंडमध्येच होता. कट्टे खरे आहेत, साहेबही खरा आहे, फक्त साल चुकलं आहे. गंमत म्हणजे ज्या ग्रहणाला साहेब विजयदुर्गला आला, त्याच ग्रहणात आपल्याच महाराष्ट्रात आपलाच एक माणूस वर्णपट टिपत होता, आणि त्याचा कट्टा आपण कुठेच बांधला नाही.

पुण्याचा प्रोफेसर

कावसजी दादाभाई नायगामवाला. जन्म १८५७. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत. १८८२ मध्ये भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी कॉलेजला भेट द्यायला आले आणि त्यांनी वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी ५००० रुपये दिले. मुंबई सरकारनं तितकेच घातले. नायगामवाला यंत्रं घ्यायला इंग्लंडला गेले. तिथे त्यांना सल्ला मिळाला की नुसती प्रयोगशाळा कशाला, आकाशाच्या वर्णपटाची वेधशाळाच करा. हा सल्ला देणाऱ्यांत लॉकियरही होता.

वेधशाळा पुण्यात, सायन्स कॉलेजच्या आवारात उभी राहिली. आज ते सीओईपी आहे. १८८८ पासून काम सुरू झालं. डब्लिनच्या ग्रब कंपनीची आरशाची दुर्बीण आली. आधी साडेसोळा इंचांचा आरसा होता, नंतर २० इंचांचा बसवला. त्या काळात देशात याहून मोठी दुर्बीण नव्हती.

नायगामवालांचं जे काम मला सगळ्यांत आवडतं, ते १८९१ चं आहे. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवट रेषा दिसते. ती कशाची, यावर तेव्हा मोठा वाद होता. लॉकियरचं म्हणणं होतं की ती मॅग्नेशियमची. मॅग्नेशियमच्या जळण्यातून जो पट्टा मिळतो, त्याची एक कड अगदी त्याच जागी येते. आकाशातलं सगळं उल्कांच्या टकरीतून तयार होतं, असा त्याचा मोठा सिद्धांत होता आणि ही रेषा त्याचा एक खांब होती.

पट्टा आणि रेषा यांत फरक असतो. पट्ट्याची एक कड धारदार असते आणि दुसऱ्या बाजूला तो हळूहळू विरत जातो. रेषा दोन्ही बाजूंनी धारदार असते. नायगामवालांनी मृगातली ती रेषा पुण्याहून तपासली. रंग कमी फाकवून पाहिले, जास्त फाकवून पाहिले. प्रत्येक वेळी रेषा बारीक आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसली. पट्टा नाहीच. त्यांनी तसं लिहून लंडनला पाठवलं आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते छापून आलं.

थोडं थांबून विचार करा. सल्ला देणारा लॉकियर. 'नेचर' नियतकालिकाचा संस्थापक-संपादक लॉकियर. आणि पुण्याचा एक पारशी प्रोफेसर म्हणतो आहे, साहेब, मला तसं दिसत नाही. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत जेम्स कीलरनं ३६ इंचांच्या दुर्बिणीतून त्याच सुमारास त्या रेषेची जागा अचूक मोजली आणि तीही लॉकियरच्या विरोधात गेली. ती रेषा नेमकी कशाची हे कळलं १९२७ मध्ये. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन अतिविरळ अवस्थेत ती सोडतो, असं आयरा बोवेननं दाखवलं. रेषा होती ५००.७ नॅनोमीटरवर. पट्टा नव्हता. पुण्याचा डोळा बरोबर होता.

पण डोळ्याची अडचण हीच असते. त्याला दिसलं हे बाकीच्यांनी मानायचं कशावरून? डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणभर बघतो, पुसून टाकतो, पुन्हा बघतो. तासभर बघत राहिलात तरी अंधूक रेषा ठळक होत नाही. आणि जे दिसतं त्याचा पुरावा उरतो तो फक्त शब्दांत. मग शब्द कोणाचे, यावर पुष्कळ काही ठरतं. लिकच्या ३६ इंची दुर्बिणीच्या शब्दाला एक वजन, पुण्याच्या शब्दाला दुसरं. फर्नेसवर उभ्या असलेल्या माणसाच्या शब्दाला आणखी तिसरं.

काच

म्हणून फोटोची काच महत्त्वाची. काचेवर चांदीच्या क्षारांचा थर दिलेला असतो. प्रकाश पडत राहतो तसा तो थर साठवत राहतो. एक तास, दोन तास, अख्खी रात्र. डोळ्याला कधीच न दिसणारं काचेवर उमटतं. आणि मुख्य म्हणजे ती काच उरते. ती दुसऱ्याच्या हातात देता येते. "मला दिसलं" याच्या जागी "हे बघा" म्हणता येतं.

२२ जानेवारी १८९८. सावली कोकणच्या किनाऱ्यावर आली आणि तिरपी ईशान्येकडे निघाली. लॉकियर विजयदुर्गला होता, कारण तिथे जहाज येत होतं. नायगामवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होते, कारण तिथे रेल्वे होती. जेऊरलाच लिक वेधशाळेचा डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेलही तळ ठोकून होता. आणखी एक इंग्रज तुकडी वर्ध्याजवळ पुलगावला होती. तिथेही रेल्वे होती.

जेऊर आणि पुलगाव यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवा. रेघ बीड, माजलगाव, परभणी, हिंगोली या मुलखावरून जाते. आमच्या परतूरपासून, गोदावरीच्या पलीकडे, ती फार लांब नाही. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. आपला वेगळा जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडायचा होता. मनमाड ते हैदराबाद लोहमार्ग तेव्हा सुरू झालेला नव्हता, तो १९०० च्या सुमारास झाला. सावलीला रूळ लागत नाहीत. दुर्बिणीच्या पेट्यांना लागतात. म्हणून त्या दुपारी मराठवाड्यात अंधार झाला, पाखरं घरट्यांकडे गेली असतील, बायाबापड्या आंघोळी करून बसल्या असतील, पण विज्ञानाच्या वहीत आमच्या भागाची नोंद कुठल्या ठाण्याच्या नावानं झाली नाही.

आणि काळ कसला होता? पुण्यात प्लेग. सात महिन्यांपूर्वी, जून १८९७ मध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती. टिळक तुरुंगात होते. अशा वेळी पुण्याचा हा प्रोफेसर सरकारी कॉलेजातली यंत्रं पेट्यांत भरून जेऊरला नेतो आणि दोन मिनिटांच्या अंधारासाठी तयारी करतो.

ग्रहणातल्या वर्णपटाची एक युक्ती सांगायलाच हवी. चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो त्या क्षणी सूर्याची बारीक कोर उरते. ती इतकी अरुंद असते की फटीची गरजच राहत नाही. कोर हीच फट. कॅमेऱ्यापुढे लोलक लावला की प्रत्येक रंगाची वेगळी कोर काचेवर उमटते. रेषांच्या जागी कोयत्यांची रांग. सूर्याच्या वातावरणाचा तळचा थर असा एक-दोन सेकंदच दिसतो आणि नाहीसा होतो. डोळ्यानं ते बघून शेकडो रेषा मोजणं अशक्य. काचेवर मात्र त्या सगळ्या एकदम येतात आणि मग महिनोन्‌महिने टेबलावर ठेवून मोजता येतात. नायगामवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये छापून आला. दोन मिनिटांचं काम, चार वर्षांचा हिशोब.

काचेतही खोट होती. पडलेल्या प्रकाशाच्या शंभर कणांपैकी जेमतेम एखाद-दुसराच काचेवर कामी येतो. बाकी वाया. शिवाय दुप्पट प्रकाश पडला म्हणून काच दुप्पट काळी होत नाही. म्हणजे रेषा कुठे आहे हे काच छान सांगते, पण किती तीव्र आहे हे सांगताना चाचरते.

एक माणूस निवृत्त झाला

१९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले. आणि वेधशाळा बंद झाली.

इतकंच वाक्य आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान शोधत राहिलो. पुढचं पान नाही. त्यांची जागा घेणारं कोणी नव्हतं, आणि ती वेधशाळा त्यांच्यानंतर चालावी अशी सोयही कोणी केली नव्हती. यंत्रं कोडाईकनालच्या सरकारी वेधशाळेत गेली. देशातली सगळ्यांत मोठी दुर्बीण तिथेही उभी राहायला १९५१ साल लागलं. जवळपास ४० वर्षं तिचा उपयोग झाला नाही. ज्या काळात जगात आकाशगंगांचे वर्णपट घेतले जात होते आणि विश्व पसरतंय हे कळत होतं, त्याच काळात.

कोडाईकनालचं उदाहरण याच्या उलट आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सूर्याचे फोटो काचेवर रोज घेतले गेले. माणसं बदलली, काम चालू राहिलं. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये तिथेच, सूर्यडागांतला वायू बाहेरच्या बाजूला वाहतो हे वर्णपटातून दाखवलं. आज त्या शतकभराच्या काचा स्कॅन करून त्यावर नवं संशोधन होतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोडाईकनालनं बॅकअप ठेवला. पुण्याचा सर्व्हर एकाच माणसाच्या खुर्चीखाली होता.

चिप

पुण्याला पुन्हा वर्णपट मिळायला बराच काळ गेला. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका सुरू झाली. आणि २००६ मध्ये आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची २ मीटरची दुर्बीण सुरू झाली.

काही वर्षांपूर्वी मला ती बघायचा योग आला. घुमटात शिरल्यावर सगळे वर आरशाकडे बघत होते. मी खाली, मागच्या टोकाला लटकवलेल्या पेटीकडे बघत होतो. तिचं नाव आयफॉस्क. अंधूक वस्तूंचे फोटोही घेते आणि वर्णपटही. तिच्या मार्गात जाळी आणि लोलक एकत्र केलेली काच सरकवली की कॅमेऱ्याचा वर्णपटमापक होतो. आणि सगळ्यात शेवटी द्रव नायट्रोजननं गार ठेवलेली एक सीसीडी चिप. साधारण २००० गुणिले २००० ठिपक्यांची. तुमच्या फोनमध्ये याहून कितीतरी जास्त ठिपके आहेत. पण इथला एकेक ठिपका तुमच्या फोनच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो गार ठेवलेला असल्यानं तासभर वाट बघू शकतो. तुमचा फोन तासभर वाट बघायला लागला तर स्वतःच्या उष्णतेनंच आंधळा होईल.

सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. चांगली सीसीडी तिच्या आवडत्या रंगात शंभरातले ८०-९० कण पकडते. आणि दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा देते.

आता एक साधं गणित करू. नायगामवालांचा आरसा २० इंचांचा, गिरवलीचा २ मीटरचा. क्षेत्रफळ काढलं तर गिरवलीचा आरसा साधारण साडेपंधरा पट मोठा. काच शंभरातला एक कण पकडायची, चिप ८० पकडते असं धरू. म्हणजे ८० पट. याचा अर्थ असा की नायगामवालांच्या दुर्बिणीला मागे आजची चिप लावली आणि गिरवलीच्या दुर्बिणीला जुनी काच, तर पुण्याची छोटी दुर्बीण मोठीपेक्षा पाचपट प्रकाश गोळा करेल. गेल्या शतकात आपण आरसे मोठे केले हे खरं. पण त्याहून मोठी झेप मागच्या बाजूला झाली, जिकडे कोणी फोटो काढत नाही.

चिपचंही सगळं खरं मानायचं नसतं. ती वाचताना स्वतःची खरखर मिसळते. अवकाशातून येणारा एखादा वैश्विक किरण तिच्यावर आदळला की तारा असल्यासारखा पांढरा ठिपका देते. तिचे सगळे ठिपके सारखेच संवेदनशील नसतात. म्हणून रोज रात्री झाकण लावून एक फोटो, सारखा उजेड टाकून एक फोटो, आणि ओळखीच्या वायूच्या दिव्याचा एक वर्णपट असं सगळं घ्यावं लागतं. त्यातून चिपच्या चुका वजा करायच्या. या दिव्यांत हेलियमही असतो. १८६८ मध्ये जी रेषा सोडियमपासून वेगळी ओळखायला धडपड झाली, तीच आज इतर रेषा मोजायची फूटपट्टी आहे. त्याआधी अनेक वेधशाळांत ही फूटपट्टी लोखंडाची असायची. लोखंडाच्या दोन टोकांमध्ये विजेची ज्योत पेटवायची आणि तिच्या हजारो रेषा ताऱ्याच्या रेषांशेजारी उमटवायच्या.

लोखंडात वीज पेटवून रेषा बघायच्या. हे वाचलं आणि मला एसी खोलीतलं ते कपाट आठवलं.

पुन्हा एमआयडीसी

गेल्या दिवाळीत ओळखीतून एका कारखान्याच्या लॅबमध्ये जाऊन स्पेक्ट्रो उघडलेला बघितला. आत काय होतं? फट. रेघांची वळलेली जाळी. वर्तुळाच्या कडेवर प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषेसाठी एकेक फट आणि तिच्यामागे प्रकाश मोजणारी एकेक नळी. कार्बनची रेषा १९३ नॅनोमीटरवर असते. त्याहून आखूड लहरी, म्हणजे गंधकाच्या नि फॉस्फरसच्या, तर हवाच गिळून टाकते. म्हणून ठिणगी आर्गॉन वायूत पाडतात. हे जुन्या पद्धतीचं मशीन होतं. नव्या मशीनमध्ये नळ्यांऐवजी चिप असतात आणि अख्खा वर्णपट एकदम मिळतो. म्हणजे वेधशाळेत जे स्थित्यंतर झालं तेच जालन्याच्या लॅबमध्येही झालं, थोडं उशिरा आणि कोणीही लेख न लिहिता.

लॅबमधला मुलगा माझ्याहून लहान होता. तो दर पाळीला आधी ठाऊक असलेला एक तुकडा मशीनवर लावतो, आकडा बरोबर येतो का बघतो आणि मगच पुढचं काम करतो. गिरवलीत हेलियमचा दिवा लावतात तेच. आणि प्रत्येक नमुन्यावर तो दोन-तीन ठिकाणी ठिणगी पाडतो. एक आकडा वेगळा आला तर तुकडा पुन्हा घासतो. मी विचारलं, हे का? तो म्हणाला, "नमुन्यात पोकळी असली तर मशीन फसतं. जुन्या लोकांनी नियम करून ठेवलाय."

तो दुसऱ्या कारखान्यातला होता. माझ्या वडिलांना ओळखत नव्हता. असे नियम प्रत्येक ठिकाणी अशाच कुठल्यातरी रात्रीतून आले असतील, कोणीतरी "दुसरा तुकडा लावा" म्हणाल्यामुळे. नोंद फक्त नियमाची राहते.

मी घरी आल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते आता निवृत्त आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. "मशीन खोटं बोलत नव्हतं रे," ते म्हणाले. "त्याला जे दाखवलं तेच ते सांगू लागलं. दाखवणाऱ्यानं नीट दाखवावं, एवढंच माझं म्हणणं होतं." इतक्या वर्षांत त्या रात्रीबद्दल ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

मग मी फोनवर त्यांना सूर्याचा वर्णपट दाखवला. इंद्रधनुष्याच्या पट्ट्यात काळ्या बारीक रेषा. सांगितलं, यातल्या कितीतरी रेषा लोखंडाच्या आहेत. आपल्या भट्टीतलं तेच लोखंड. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन जवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिले. तसेच, जसे ग्राइंडरपाशी बघायचे.

"लोखंड आहे म्हणतोस," ते म्हणाले. "मग कार्बन किती?"

मी तिथल्या तिथे शोधलं. सूर्यात वजनानं कार्बन लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

"मग नाही चालणार," वडील म्हणाले आणि फोन परत दिला. "ही हीट पास होत नाही."